बक्षीस पावलाला की कात्रीला?

१९४५ साली माया डेरेन या अमेरिकी चित्रपटकर्तीनं जेमतेम तीन मिनिटांचा एक मूक, कृष्णधवल लघुपट केला. 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' हे त्याचं नाव. टॅली बीटी हा नर्तक झाडांच्या दाटीत एक पाय सावकाश उचलतो आणि तो पाय खाली टेकतो तो थेट एका घरातल्या खोलीत. मध्ये दार नाही, रस्ता नाही, पाऊल मात्र अखंड. पुढे तो एक उडी घेतो. ती तुकड्यातुकड्यांनी अशी जोडली आहे की हाडामांसाच्या माणसाला झेपणार नाही इतका वेळ तो हवेतच राहतो आणि शेवटी नदीवरच्या टेकाडावर उतरतो.

हे पाऊल टाकलं कोणी? बीटीनं पाय उचलला हे खरं, टेकवलाही त्यानंच. पण जंगलातून खोलीत जाण्याची क्रिया संकलनाच्या टेबलावर घडली. डेरेननं त्याचं उत्तर श्रेयनामावलीत देऊन टाकलं होतं: कृती दोघांची, नावं दोघांची. तिला नर्तकाचा ऋणनिर्देश करायचा नव्हता, त्याचं सहकर्तृत्व नोंदवायचं होतं. आज जगभर नृत्यपटांच्या स्पर्धा होतात, चषक आणि प्रशस्तिपत्रं दिली जातात, पण ऐंशी वर्षांपूर्वी एका तरुणीनं इतक्या सहज सोडवलेला हा प्रश्न तिथे दरवर्षी नव्यानं अडतो.

या स्पर्धांचा इतिहास फार जुना नाही, अगदी कोवळाही नाही. न्यूयॉर्कमध्ये सुझन ब्राउन यांनी १९५६ साली डान्स फिल्म्स असोसिएशन स्थापन केली आणि १९७१ पासून 'डान्स ऑन कॅमेरा' हा महोत्सव सुरू झाला. पुढे १९९६ पासून तो लिंकन सेंटरमधल्या चित्रपटगृहात होऊ लागला. युरोपात युनेस्कोच्या छत्राखाली १९६१ साली व्हिएन्नात आयएमझेड ही संगीत आणि माध्यमांची संस्था निघाली होती. तिनं १९९० साली 'डान्सस्क्रीन' ही स्पर्धा उभी केली. ही स्पर्धा एका गावात कधी मुक्कामाला राहिली नाही. यजमान शहर बदलत गेलं, आणि २०१३ मध्ये तर ती अटलांटिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नृत्यपट महोत्सवाबरोबर भरली. ॲमस्टरडॅमचा 'सिनेडान्स', हाँगकाँगचा 'जंपिंग फ्रेम्स' हे याच कुळातले. चार-पाच दिवस चित्रपटांचे खेळ, चर्चा, कार्यशाळा, आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या संध्याकाळी प्रत्यक्ष नृत्याचा प्रयोग.

त्या प्रत्यक्ष प्रयोगाबद्दल मला बोलायचं आहे. आयोजक त्याच्याकडे बहुधा शोभेची बाब म्हणून पाहतात. उद्घाटनाला काहीतरी हवं, पाहुणे आलेत, प्रायोजक आलेत, तर नाच ठेवू. माझं म्हणणं उलट आहे. स्पर्धा चित्रपटांचीच असली तरी जिवंत नाच हाच तिथला मापदंड असायला हवा, आणि परीक्षकांनी तो निकालाच्या आधी, शक्य तर रोज पाहायला हवा. या एका गोष्टीनं निकाल बदलतील असं मला वाटतं.

आधी हे पाहू की निकाल सध्या लागतात कसे. डान्सस्क्रीनसारख्या स्पर्धेनं नोंदींची वर्गवारी बरीच शहाणपणानं केली: रंगमंचावरच्या प्रयोगाचं चित्रण वेगळं, रंगमंचावरची कृती कॅमेऱ्यासाठी नव्यानं बांधलेली असेल तर ती वेगळी, केवळ पडद्यासाठी रचलेलं नृत्य वेगळं, माहितीपट वेगळा. ही विभागणी कागदावर चोख आहे. पण छोट्या स्पर्धांना इतके विभाग परवडत नाहीत, आणि मग सगळंच एका टोपलीत पडतं. निवड समिती लॅपटॉपवर शेकडो नोंदी बघत असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात डोळा खिळला नाही तर पुढची नोंद. पाच-सात मिनिटांचा चित्रपट कार्यक्रमात कुठेही बसवता येतो, चाळीस मिनिटांच्या चित्रपटासाठी दुसऱ्या चौघांना घरी बसवावं लागतं. म्हणून लहान आणि देखणं तेच वर येतं.

त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले लघुनृत्यपट सलग बघायला बसा. पडीक कारखाना, पोपडे उडालेल्या भिंती. ओला समुद्रकिनारा, एकटी नर्तकी, फिक्या रंगाचा झगा. केस उडतात ते संथगतीत. मग ड्रोन वर जातो आणि ती ठिपक्याएवढी होते. पार्श्वभूमीला पियानोचे एकेक सुटे सूर. अधूनमधून कोणीतरी पाण्याखाली नाचतं. यातली पहिली कृती ज्यानं केली त्याला खरोखरच काही सापडलं असेल. नंतरच्या शंभरांना मागच्या वर्षीचा विजेता सापडलेला असतो. मोहिनीच्या हातामागे हात नेणाऱ्या भस्मासुराची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. नक्कल हुबेहूब जमली त्या क्षणीच तो संपला. जाता जाता, दादासाहेब फाळक्यांनी आपल्या दुसऱ्याच चित्रपटासाठी ही कथा घेतली आणि मोहिनी झाल्या कमलाबाई गोखले. म्हणजे भारतीय पडद्यावर नाच अगदी पहिल्या पावलापासून आहे.

फाळक्यांचा आणखी एक दाखला इथे हवाच. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला तेव्हा तिकिटाच्या पैशांत नुसता चित्रपट नव्हता. जाहिरातीत मिस आयरीन डेल मार यांचा नाच होता, मॅक्लेमेंट्स मंडळींचं विनोदी प्रहसन होतं, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर होता आणि 'टिप-टॉप कॉमिक्स'ही होती. एकट्या चित्रपटावर गर्दी जमेल याचा भरवसा तेव्हा कोणालाच नव्हता, म्हणून हा सगळा लवाजमा. पण प्रेक्षकाच्या बाजूनं विचार करा. त्याच्या समोर त्याच संध्याकाळी, त्याच चौकटीत, एक खरी बाई नाचून गेली आणि लगेच पडद्यावर सावल्या हलू लागल्या. दोन्हीतला फरक त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पॅरिसमध्ये १९२४ च्या डिसेंबरात हाच प्रकार जाणूनबुजून झाला. स्वीडिश बॅले मंडळींच्या 'रलाश' या नृत्यनाट्यासाठी रने क्लेरनं 'आँत्राक्त' हा चित्रपट केला. त्याचा छोटा तुकडा सुरुवातीला आणि उरलेला दोन अंकांच्या मध्ये दाखवला गेला. संगीत एरिक सातीचं, कल्पना फ्रान्सिस पिकाबियाची. त्यात एक बॅले नर्तकी काचेखालून चित्रित केलेली दिसते. घेरदार स्कर्ट फुलासारखा उघडतो-मिटतो, आणि कॅमेरा वर सरकतो तेव्हा त्या नर्तकीला दाढी असते. रंगमंचासमोर बसलेल्या प्रेक्षकाला हा कोन आयुष्यात मिळाला नसता. सभागृहात क्षणापूर्वी खऱ्या नर्तकांना समोरून पाहिलेलं असल्यामुळेच त्या कोनाची गंमत दुप्पट झाली. मध्यंतराच्या करमणुकीनं मुख्य प्रयोगाची खोडी काढली.

जिवंत नाच मापदंड म्हणून ठेवा असं मी म्हणतो ते याच अर्थानं. चित्रपटानं रंगमंचाशी इमान राखावं, हुबेहूब नोंद करावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. माझा आग्रह डोळे जागे ठेवण्याचा आहे. दहा फुटांवर कोणीतरी उडी मारतं, फळ्यांचा आवाज होतो, श्वास लागतो, घाम ठिबकतो, तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात, तोल जाता जाता सावरतो. हे पाहून आलेला माणूस पडद्यावरची संथगती बघतो तेव्हा त्याला लगेच कळतं की इथे संथगती काही दाखवते आहे की काही झाकते आहे. नर्तकीचा तोल कच्चा होता म्हणून चार ठिकाणी कापलं, की कापल्यामुळे एक नवाच तोल निर्माण झाला? लॅपटॉपवर सलग चाळीस चित्रपट पाहिलेल्या परीक्षकाचं हे भान बोथट होतं. त्याचा दोष नाही, चाळिसाव्या चित्रपटात सगळेच अमर दिसतात.

या कसोटीवर उतरणाऱ्या कृती आहेत, आणि त्या रंगमंचाची नक्कल करणाऱ्या नाहीत. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी नॉर्मन मॅक्लॅरेननं १९६८ मध्ये केलेला 'पा द द' घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पोशाखातले दोन बॅले नर्तक, प्रकाश फक्त बाजूंनी, त्यामुळे शरीराची नुसती कड उजळलेली. मग ऑप्टिकल प्रिंटरवर एकच हालचाल थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा पुन्हा, अकरा वेळांपर्यंत, एकाच फिल्मवर छापली. हात वर गेला की त्याच्या मागोमाग त्याचीच दहा भुतं वर जातात आणि शेवटी त्याच्यात विरतात. तेरा मिनिटांच्या या चित्रपटात हालचालीचा माग दिसतो. नाच बघताना आपल्या मनात एरवी जे क्षणभर रेंगाळतं आणि पुसलं जातं ते इथे डोळ्यांसमोर उभं राहतं. कोणताही नर्तक हे सभागृहात करू शकणार नाही. मूळ नर्तक कच्चे असते तर मात्र ही सगळी जादू कच्च्या हालचालीच्या अकरा प्रती ठरली असती.

दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या जातीचं. लॉइड न्यूसन यांच्या डीव्ही८ या ब्रिटिश मंडळीचा २००४ सालचा 'द कॉस्ट ऑफ लिव्हिंग'. हंगाम संपलेलं समुद्रकाठचं गाव, बेकार झालेले कलावंत. त्यातला डेव्हिड टूल हा नर्तक, ज्याला पाय नव्हते आणि जो हातांवर चाले, हातांवर नाचे. एका प्रसंगात हातात कॅमेरा घेतलेला माणूस त्याच्याभोवती फिरत राहतो आणि लाज वाटावी असे खाजगी प्रश्न विचारतो. आपण ते दृश्य त्याच कॅमेऱ्यातून पाहतो. प्रेक्षकाच्या नजरेचा हा चावरेपणा रंगमंचावर सांगता आला असता, पण इतका अंगाला लावता आला नसता. इथे कॅमेरा स्वतः पात्र आहे, आणि त्याचा व्यवहार नाचाइतकाच रचलेला आहे. असल्या कृतीला दिग्दर्शनाचं बक्षीस द्यायचं की नृत्यरचनेचं, असा प्रश्न पडणं हेच तिच्या यशाचं लक्षण.

नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी चित्रपटकर्ते चार्ल्स अ‍ॅटलसबरोबर कॅमेऱ्यासाठी रचना करायला घेतली तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट उमगली. रंगमंच प्रेक्षकाच्या बाजूला रुंद असतो आणि मागे निमुळता होतो. कॅमेऱ्यापुढची जागा नेमकी उलटी: जवळ चिंचोळी, लांब गेलं की फाकत जाणारी. म्हणजे रंगमंचावर पुढे येणारा नर्तक मोकळ्या जागेत येतो, कॅमेऱ्यासमोर पुढे येणारा चिमटीत सापडतो. ही भूमिती ज्याला कळली नाही त्याचा नृत्यपट कितीही महागड्या लेन्सनं काढला तरी प्रयोगाचं चित्रणच राहतो. स्पर्धांमध्ये असली चित्रणं 'पडद्यासाठीची रचना' म्हणून सर्रास खपतात.

आता नृत्यरचनाकार लुसिंडा चाइल्ड्स यांच्या 'डान्स'कडे येतो, कारण माझ्या म्हणण्याला त्याहून चांगला साक्षीदार नाही. १९७९ ची ही रचना, संगीत फिलिप ग्लास यांचं. चित्रकार सोल लेविट यांनी त्याच नर्तकांना तेच नृत्य करताना फिल्मवर घेतलं आणि ती फिल्म प्रयोगात रंगमंचाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर टाकली. मागे जिवंत नर्तक, पुढे त्यांचीच प्रचंड, करडी, वजनहीन रूपं, ताल एकच. २००९ मध्ये हा प्रयोग पुन्हा उभा राहिला तेव्हा पडद्यावर १९७९ चेच नर्तक होते, स्वतः तरुण चाइल्ड्सही, आणि त्यांच्यामागे तीस वर्षांनंतरची नवी मुलं नाचत होती. सावली म्हातारी झाली नाही, देह बदलले. जुन्या नर्तकांचे खांदे, मानेची ठेवण, पाऊल टाकण्याची बेफिकिरी नव्यांपेक्षा वेगळी आहे हे तिथे एका नजरेत दिसतं, आणि पायऱ्या मात्र त्याच. चित्रपटाशेजारी जिवंत प्रयोग ठेवल्यानं काय हाती लागतं याचं हे प्रात्यक्षिक आहे. स्पर्धेतल्या संध्याकाळीही असंच काहीतरी रचता येईल: निवडलेल्या चित्रपटातल्या नर्तकीनं तोच तुकडा, संकलनाविना, लोकांसमोर करावा आणि लगेच चित्रपट दाखवावा. बरेच दिग्दर्शक घाबरतील. घाबरू देत.

इथे आपल्याकडचा वाचक म्हणेल, नृत्यपटाचं एवढं कौतुक कशाला, आपल्याकडे दर शुक्रवारी निघतात. या आक्षेपाला टाळू नये. हिंदी-मराठी चित्रपटानं कॅमेऱ्यासाठी नाच रचण्याचा जेवढा सराव केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. 'तेजाब'मधल्या सरोज खान यांच्या रचनेनं असा दणका दिला की फिल्मफेअरला १९८९ मध्ये नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कारच सुरू करावा लागला. (हॉलिवूडचा अनुभव पाहा: ऑस्करमध्ये नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक १९३५ ते १९३७ अशी तीनच वर्षं होतं, मग ते बंद झालं. बझ्बी बर्कली तिन्ही वर्षं नामांकनात होते आणि तिन्ही वर्षं हात हलवत परतले.) शांतारामबापूंच्या १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त गोपीकृष्ण यांच्या चकरा टेक्निकलरच्या रंगांत ज्यांनी पाहिल्यात त्यांना नाच आणि पडदा यांचं नातं परदेशी महोत्सवात शिकायची गरज नाही.

मान्य. पण गाण्यातला नाच कथेचा, ताऱ्याचा आणि विक्रीचा बांधील असतो. नायिकेचा चेहरा दर काही सेकंदांनी दिसलाच पाहिजे, मग पायांचं काय व्हायचं ते होवो. हॉलिवूडचा नर्तक फ्रेड अस्टेअर या बाबतीत हट्टी होता: डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा देह चौकटीत हवा आणि कापाकापी कमीत कमी. आपल्याकडे हा हट्ट धरण्याची ताकद फार थोड्या नर्तकांजवळ होती. उदय शंकर यांच्याजवळ होती, म्हणून त्यांनी स्वतःच चित्रपट काढला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत चित्रित झालेला 'कल्पना' १९४८ साली आला. अडीच तासांचा नाचच नाच, त्यात स्वप्न, उपहास, यंत्रयुगावरची टीका. सुरुवातीलाच प्रेक्षकाला विनंती केली आहे की सावध बसा, गोष्टी वेगानं जातील, काही निसटलं तर मोलाचं निसटेल. प्रेक्षक सावध बसला नाही, चित्रपट पडला. पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशननं त्याची डागडुजी केली आणि २०१२ मध्ये तो कानमध्ये दाखवला गेला तेव्हा त्यातल्या नायिका अमला शंकर, वयाच्या नव्वदीपलीकडे, तिथे हजर होत्या. कुठल्याही नृत्यपट स्पर्धेत 'कल्पना'ला कोणत्या विभागात घालायचं, हा प्रश्न परीक्षकांना विचारून पाहावा.

सत्यजित राय यांचा १९७६ चा 'बाला' माझ्या मते याहून अवघड प्रकरण आहे. राय यांनी भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वतींना पोरवयात कोलकात्यात नाचताना पाहिलं होतं, चित्रण मात्र त्या अठ्ठावन्न वर्षांच्या असताना झालं. 'कृष्णा नी बेगने बारो' हे पद त्यांनी समुद्रकाठी केलं. वारा पदराला झोंबतो, मागे लाटा फुटतात, बाळकृष्णाला बोलावणारे हात आणि डोळे त्या गलबल्यात काम करत राहतात. राय यांचे चाहते या दृश्यावर जीव टाकतात. मला ते चुकलेलं वाटतं. बालासरस्वतींचा अभिनय बारीक होता, भुवई आणि हाताच्या बोटांच्या टोकांशी घडणारा, आणि समुद्रानं त्याच्यावर ओरडून बोलायला सुरुवात केली. त्याच चित्रपटात शेवटी वर्णम् आहे, साध्या पार्श्वभूमीवर, बराच वेळ न हलणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, आणि तिथे कळतं की ही बाई काय चीज होती. आजच्या स्पर्धेत हे दोन तुकडे वेगवेगळे पाठवले तर किनारा निवडला जाईल आणि वर्णम् 'केवळ चित्रण' म्हणून परत येईल. याबद्दल मला शंका नाही. आणि हा अन्याय टाळायचा एकच उपाय दिसतो, की परीक्षकांनी आदल्या संध्याकाळी एखाद्या जाणत्या नर्तकीचा अभिनय चार हातांवरून पाहिलेला असावा.

अरुण खोपकरांनी लीला सॅमसन यांच्यावर केलेला 'संचारी' हा भरतनाट्यमवरचा लघुपट या वाटेवरचा पुढचा मुक्काम. तिथे दिग्दर्शकाला मुद्रा कधी जवळून आणि कधी अख्ख्या देहासकट बघायची याचं उत्तर नाचाच्या व्याकरणातून मिळालेलं आहे, दिमाखातून नाही. असा दिग्दर्शक मराठीत लिहितो, चित्रपटावर आणि चित्रकलेवर लिहितो, हे आपलं भाग्य. त्याच्या लघुपटांबद्दल आपण किती बोलतो हा वेगळा प्रश्न.

कॅमेऱ्याच्या हाती कधीच न लागणारी एक गोष्ट आहे, आणि ती समजायला लावणीइतकी चांगली जागा नाही. बैठकीची लावणी घ्या. गाणारी-नाचणारी बाई बसलेली असते, एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ फिरवते. कोणत्या वेळी कुठे फिरवायचा हे समोर कोण बसलंय यावर ठरतं. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या कलाकेंद्रांत दाद, फर्माईश, दौलतजादा या सगळ्यांतून ती ओळ घडत जाते. रसिक नुसता बघत नाही, तो त्या अदाकारीचा निम्मा भागीदार असतो. कॅमेरा ती नजर टिपू शकतो, अगदी जवळून टिपू शकतो, पण तिला उत्तर देऊ शकत नाही. सावित्री मेधातुल यांच्या 'नटले तुमच्यासाठी' या माहितीपटात आणि भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकात या बायकांचं जगणं आलं आहे. हीच मंडळी पुढे लावणी कलावतींना घेऊन 'संगीत बारी'चे रंगमंचीय प्रयोग करू लागली. मला हा प्रवास अर्थपूर्ण वाटतो: चित्रपट झाला, पुस्तक झालं, तरी जिवंत बाईला लोकांसमोर आणल्याशिवाय सांगून झालं नाही. न्यूयॉर्क किंवा ॲमस्टरडॅमचे आयोजक या नमुन्यातून शिकू शकतात, आणि मुंबई-पुण्याचेही.

मालकीचा मुद्दा थोडक्यात घेतो, कारण त्याशिवाय बक्षिसाचं गणित पूर्ण होत नाही. लोई फुलर रेशमाच्या घोळदार पोशाखावर रंगीत प्रकाश खेळवत नाचे. तिची नक्कल करणाऱ्या एका नर्तकीविरुद्ध ती न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली तेव्हा, १८९२ मध्ये, न्यायालयानं सांगितलं की ज्यात कथा नाही अशा नाचाला संरक्षण नाही. दोन-तीन वर्षांत एडिसनच्या स्टुडिओनं त्याच धर्तीच्या नाचाच्या फिल्म काढल्या, नाचणारी दुसरीच. लोई फुलर म्हणून आज लोक पडद्यावर जिला पाहतात ती अनेकदा फुलर नसते. एकशेवीस वर्षांनी थोडं वेगळं घडलं. अ‍ॅन तेरेसा द केर्समाकर यांची १९८३ ची रचना 'रोसास डान्स्ट रोसास' टिएरी द मे यांनी १९९७ मध्ये बेल्जियममधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत चित्रित केली. फिल्ममुळे तो नाच जगभर पोहोचला, आणि २०११ मध्ये बियॉन्सेच्या 'काउंटडाउन' या व्हिडिओत त्याच्या हालचाली दिसल्या. वाद झाला. मग २०१३ मध्ये केर्समाकर यांनी स्वतःच खुर्चीवरच्या त्या नाचाच्या पायऱ्या खुल्या केल्या आणि ज्याला हवा त्यानं आपला नाच करून पाठवा म्हणून आवाहन केलं. फिल्मनं नाच चोरीला सोपा केला, शिकायलाही सोपा केला. पण दोन्ही वेळी रचनाकाराचं नाव ठसठशीत राहिलं असेल तरच चोरीला चोरी म्हणता येतं. म्हणून स्पर्धांनी नियम करावा: प्रथम पारितोषिक दिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार यांना जोडीनं, एकच चषक दोन नावांनी, आणि संकलक व नर्तक यांची नावं घोषणेतच. डेरेननं ते केव्हाच करून दाखवलं आहे.

पैशाची गोष्टही आहे, आणि ती उच्चारायला लोक संकोचतात. ऑनलाइन नोंदणीच्या सोयीमुळे घरबसल्या दहा देशांत चित्रपट पाठवता येतो हे खरं, पण प्रत्येक ठिकाणी डॉलरांत किंवा युरोत शुल्क भरावं लागतं आणि निवड झाली नाही तर ते परत मिळत नाही. सोलापूर किंवा साताऱ्याच्या नर्तकीला दहा ठिकाणी पाठवणं म्हणजे कित्येक कार्यक्रमांचं मानधन. २०२० मध्ये नाट्यगृहं बंद पडली तेव्हा जगभरच्या नर्तकांनी स्वयंपाकघरात, गच्चीवर फोन लावून नृत्यपट केले आणि अनेक महोत्सवांनी ते ऑनलाइन दाखवले. त्या वर्षी उपकरणांची श्रीमंती थोडी मागे पडली. नाट्यगृहं उघडल्यावर ती परत आली, ड्रोनसकट.

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी भरतो. पेडर रोडवरच्या त्याच्या आवारात पडदेही आहेत आणि नाचायला जागाही. तिथे नृत्यपटाचा एक विभाग सुरू व्हावा, त्यात नोंदणी विनाशुल्क असावी, आणि दर संध्याकाळी एका कलावतीनं कॅमेऱ्याविना नाचावं, ही मागणी अवास्तव नाही. तोवर पुण्यातल्या दोन संस्थांनी सुरुवात करावी. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, गणेशखिंडीत विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. इकडचा एक संकलनाचा विद्यार्थी, तिकडची एक नृत्याची विद्यार्थिनी, अशा जोड्या लावाव्यात, त्यांना एक आठवडा आणि एक कॅमेरा द्यावा. जे होईल ते एका संध्याकाळी दाखवावं, आणि प्रत्येक फिल्मच्या आधी त्या मुलीनं तोच तुकडा प्रेक्षकांसमोर नाचून दाखवावा. बक्षीस ठेवायचंच असेल तर ते जोडीला द्यावं.